टाकलेलं मायनस दोन

डहाणूच्या खाडीलगतच्या आळीत हंसा तांडेलच्या ओटीवर शिकवणी भरायची, तेव्हा शेजारपाजारच्या बायका दोन कारणांसाठी तिथे डोकवायच्या. आपलं पोर खरंच बसलंय का, हे बघायला. आणि हंसा आज कोणाला काय बोलते, ते ऐकायला. हंसाने कधी कोणाला छडी मारली नाही. तिला गरजच नव्हती. पोराचं उत्तर चुकलं की त्याच्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात ती त्याचं कौतुक करायची. "वा दिपेश! तुझ्या गणितात तुझा बाप तुझ्याहून लहान निघाला. जा, त्याला बालवाडीत बसवून ये." झालं, संध्याकाळपर्यंत दिपेशच्या बापाला अख्खी आळी बालवाडीची वेळ विचारत असे.

हंसा बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर बी.एड. केलेलं. नवरा गणू बोटीवर जाणारा, बोलायला मोजका, पण बायको शिकलेली आहे हे बंदरावर दर दोन वाक्यांनंतर सांगणारा. सासूचं मत वेगळं होतं. तिच्या मते सूनबाईंचा हात मासळी निवडायलाच घडवलेला होता आणि ते खोटं नव्हतं. बोट लागली की ओतलेल्या ढिगापुढे हंसा बसायची, आणि कामाचं इकडे, नको ते मागे, असा तिचा हात चालायचा. डोळे कुठेतरी दुसरीकडे, तोंडाने कोणाची तरी खबर चाललेली, आणि हात मात्र चुकायचा नाही. बघायचं असतं ते बोटांनीच बघून घेतलेलं असायचं.

तीच सवय तिने ओटीवर नेली. तिची बहुतेक गणितं मासळीची. टोपल्या किती, पापलेटं किती, वाटे किती. वर्गसमीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, त्यातलं एक पुष्कळदा ऋण असतं, आणि ऋण टोपली काही कोणाच्या डोक्यावर बसत नाही. म्हणून तिने पोरांना साधी गोष्ट शिकवली होती: मायनस आलं की टाक. पोरं ते एका सुरात म्हणायची. अंगणात उन्हात बोंबील वाळत आणि ओटीवरून "मायनस आलं की टाक" असा गजर चालू, असं पुष्कळ वर्षं चाललं. पुस्तकातल्या टोपल्यांपुरतं ते बरोबरच होतं, त्यामुळे पोरांना मार्कही चांगले पडले. पडलेल्या मार्कांवर कोण शंका घेतं?

मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं. घरात जागा नाही, तेव्हा ओटीला भिंती घालून खोली काढायची असं ठरलं. शिकवणीचं काय, हे कोणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. हंसाने त्याआधी नोकरीसाठी दोन शाळांमध्ये नमुना पाठ देऊन पाहिले होते. एका ठिकाणी तिचं मासळीपुराण ऐकून साहेब हसले आणि दुसऱ्यालाच घेतलं. दुसऱ्या ठिकाणी ती भीतीने इतकी भरभर बोलली की पोरांनी वह्याच मिटल्या. सासूने एका सकाळी चहा ओतता ओतता विषय संपवला. "आता एकदाच जा. लागली तर लागली. नाही लागली तर माझ्या शेजारी बाजारात बसायचं, आणि ती पुस्तकं देऊन टाकायची कोणाला तरी. घरात ठेवायला जागा नाही गो." रागाने बोलली असती तर हंसाने भांडून घेतलं असतं. सासू रागावलेली नव्हती. तीच खरी पंचाईत होती. गणू तिथेच बसला होता. त्याने कपातला चहा संपवला.

हे २०१९ च्या फेब्रुवारीतलं. तलासरी-डहाणू भागात जमीन हादरायची ते दिवस. तलासरीकडच्या एका शाळेतले गणिताचे सर सुट्टीत गावी गेले, ते परत आलेच नाहीत. कोणी म्हणालं, धक्क्यांना घाबरले. कोणी म्हणालं, त्यांना आधीपासूनच जायचं होतं, भूकंप नुसता कामाला आला. काही असो, दहावीची परीक्षा तोंडावर आणि वर्गाला गणिताचा माणूस नाही. हंसाला निरोप आला. पाठ कशावर घ्यायचा तेही कळवलेलं: वर्गमूळ असलेली समीकरणं.

हंसाने आठवडाभर त्याचाच अभ्यास केला. अशा समीकरणात एक लबाडी असते, हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. वर्गमूळ घालवायचं तर दोन्ही बाजूंचा वर्ग करावा लागतो, आणि वर्ग केला की कधीकधी एक खोटं उत्तर आत शिरतं. म्हणून आलेलं प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. पडताळा. हा शब्द तिने इतक्यांदा घोकला की सासूने विचारलं, हे पडताळा कोण, आपल्यातले का?

त्या दिवशी गणूने तिला जीपमध्ये बसवून दिलं. आशागड मागे पडलं, आणि चारोटीला जीप थांबली ती थांबलीच. हायवेवर ट्रक आडवा झाला होता. तलासरीकडे जाणारी बस लांबून दिसत होती, पण ती आडव्या ट्रकच्या पलीकडे. हंसाने पदर खोचला, पर्स छातीशी धरली आणि वडापाववाल्यांच्या मधून, थांबलेल्या ट्रकांच्या मधून चालत जाऊन ती बस गाठली. बसायला जागा नव्हती. दांडीला धरून ती मनातल्या मनात वर्ग करत राहिली आणि शेजारच्या माणसाला वाटलं, बाई देवाचं नाव घेतेय, म्हणून तो भक्तिभावाने थोडा सरकला.

शाळेत पोचली तर वर्ग मैदानात. खोल्यांच्या भिंतींना तडे गेलेले, त्यामुळे ताडपत्रीचा मांडव घालून पोरं खाली बसवलेली. फळा दोन बाकांवर उभा करून बांबूला बांधलेला. धक्का आला की पळता यावं म्हणून सगळ्या पोरांच्या पायात चपला तशाच. मांडवाच्या मागच्या बाजूला तीन खुर्च्या: मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव आणि पागधरे सर. पागधरे सर म्हणजे निवृत्त गणितवाले, बोर्डीकडचे. मान एका बाजूला कलती ठेवून बसायचे, त्यामुळे ते झोपलेत की ऐकताहेत हे कळत नसे. जरा पलीकडे दुसरा उमेदवार, तुषार. इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. तो सचिवांच्या मेहुणीच्या सासरचा, अशी बातमी हंसाला बस स्टँडवरच मिळाली होती. डहाणू-तलासरीत बस उशिरा येते, बातमी नाही.

तिने स्वतःची तीन उदाहरणं तयार करून आणली होती. पागधरे सरांनी हात पुढे केला आणि चिठ्ठी दिली. "तुमची राहू द्या. हे घ्या. एवढं एकच करा, पण पोरांना समजेल असं." चिठ्ठीवर लिहिलं होतं:

√(५ − २x) = १ − x

हंसाने चिठ्ठी दोनदा वाचली. कठीण होतं म्हणून नाही. घरी पक्कं करून आणलेलं सगळं त्या क्षणी घरीच राहिलं, म्हणून. तिने खडू घेतला. सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं.

सुरुवात बरी झाली. पहिल्या रांगेतल्या एका पोरीला तिने नाव विचारलं. शुक्री. मागच्या रांगेत बांबूला टेकून बसलेल्या पोराला विचारलं. लक्ष्या. "लक्ष्या, मांडव तू धरलायस की मांडवाने तुला?" पोरं हसली, लक्ष्या सरळ बसला, आणि हंसाचा आवाज जागेवर आला. मग तिने विचारलं, घरी सुकी मासळी आणता का? सगळे हो म्हणाले. तलासरीच्या बाजारात डहाणूचे सुके बोंबील येतातच. "तर बघा, मीठ लावून वाळवला की ताजा बोंबील आणि शिळा बोंबील सारखेच दिसतात. वर्ग करणं तसंच आहे. एकचा वर्ग एक, आणि उणे एकचा वर्गसुद्धा एकच. वाळल्यावर ओळखू येत नाही. म्हणून शेवटी काय करायचं ते मी सांगेन." मागे पागधरे सरांची मान सरळ झाली.

ती लिहीत गेली. दोन्ही बाजूंचा वर्ग.

५ − २x = १ − २x + x²

उणे दोन x दोन्हीकडे, ते गेले. पोरांनीच सांगितलं.

x² = ४

"मग x किती?" शुक्री म्हणाली, दोन. लक्ष्या म्हणाला, उणे दोन पण. शाबास म्हणून हंसाने दोन्ही लिहिले. x = २, x = −२. आणि इथे, बोलता बोलता, पोरांकडे बघता बघता, तिच्या हाताने मायनस दोनवर सर्रकन आडवी रेघ ओढली. ती काही ठरवून ओढली नव्हती. डोळे पोरांवर होते, तोंडाने पुढचं वाक्य सुरू झालं होतं, हाताला नको ते दिसलं आणि हाताने ते मागे टाकलं. फळ्यावर उरलं x = २. तिने त्याखाली दुहेरी रेघसुद्धा मारली.

त्याच वेळी जमिनीखालून गडगडत काहीतरी गेलं. मांडवाचे बांबू करकरले, फळा बाकावर नाचला. पोरं एका उडीत उठून मैदानाच्या मध्यावर. सरावच तेवढा झाला होता. खुर्च्यांवरची माणसंही उठली. तुषारच्या हातातली फाईल खाली पडली. दोन-चार श्वासांत सगळं थांबलं. कुठेतरी कुत्रं भुंकत राहिलं.

हंसा फळ्यापाशीच होती. पडू नये म्हणून तिने फळा दोन्ही हातांनी धरला होता, आणि त्यामुळे तिचं नाक त्या समीकरणाला जवळजवळ टेकलं होतं. तिथे तिला ते दिसलं. एक वजा दोन. उणे एक. आणि डावीकडे वर्गमूळ. वर्गमूळ कधी उणे येत नाही. तिने अधोरेखित केलेलं उत्तर खोटं होतं, आणि खरं होतं ते तिच्याच रेघेखाली.

सचिव पँटवरची धूळ झटकत म्हणाले, बरं झालं, तुमचं उदाहरण पूर्ण झालंच होतं. छान. आता जास्त वेळ नको, तुषारचं बघू आणि पोरांना घरी सोडू. मुख्याध्यापकांनी मान हलवली. पागधरे सर वाकून आपला चष्मा शोधत होते. फळ्याकडे कोणीच बघत नव्हतं.

हे असं असतं बघा. धरणीमाता स्वतः येऊन सांगतेय, हंसा, निघ. खडू ठेवायचा, नमस्कार करायचा, फळा पुसायचा. दुहेरी रेघ मारलेलं उत्तर, पोरांना हसवलेलं, बोंबलाचा दाखला आवडलेला. ओटीला भिंती उभ्या राहायच्या आत नोकरी. पुसणं तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. तिने ते उचललंसुद्धा.

पण पोरं परत येत होती. शुक्री येऊन बसली आणि वहीत फळ्यावरचं उतरवायला लागली. एक्स बरोबर दोन. तिनेही खाली दुहेरी रेघ मारली, पट्टी लावून, नीट. हंसाने ते पाहिलं आणि तिच्या हातातलं पुसणं तसंच राहिलं.

"साहेब, जरा थांबा," ती म्हणाली. "पडताळा राहिलाय."

सचिवांना ते आवडलं नाही. झालं ना आता, त्यांनी सुनावलं. हंसाने पोरांना हाताने खाली बसवलं. काही बसली, काही मांडवाच्या कडेलाच उभी राहिली, पुन्हा धक्का आला तर म्हणून. तिने शुक्रीला विचारलं, दोन घालून बघ, डावीकडे काय? पाच वजा चार, एक. एकचं वर्गमूळ एक. उजवीकडे? एक वजा दोन, उणे एक.

"एक आणि उणे एक सारखे का?"

मग मागून लक्ष्या म्हणाला, "नाही सारखे. शिळा निघाला बाई हा."

पोरं हसली. हंसा हसली नाही. तिने स्वतःच्या हाताने दुहेरी रेघेवर फुली मारली. फळ्यावर आता एकही उत्तर शिल्लक नव्हतं. सचिव मुख्याध्यापकांच्या कानाशी काहीतरी बोलले. तुषारने फाईल छातीशी धरली आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला.

"दुसरा मी टाकला," हंसा म्हणाली. "न बघता टाकला. उणे दिसला म्हणून. आता तो कोण बघून देईल?"

शुक्री उठली. तिने खडू घेतला आणि लिहिलं: ५ − २ × (−२). इथे ती अडली. उणे आणि उणे, मध्ये गुणाकार. तिने खडू फळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला. हंसाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं. सांगितलं असतं तर लवकर सुटलं असतं, सचिवांचं घड्याळ तेच म्हणत होतं. शुक्रीने बोटाने हवेत काहीतरी गिरवलं आणि मग एकदम लिहिलं: ५ + ४. नऊ. तीन. उजवीकडे एक अधिक दोन. तीन. ती मागे सरकली आणि बराच वेळ त्या दोन्ही तीनांकडे बघत उभी राहिली, जसं काही कोणीतरी हळूच आणून ठेवले होते.

सचिव उठले. "म्हणजे बाई, तुमचं उत्तर चुकीचंच होतं ना आधी?"

"हो," हंसा म्हणाली.

ती बी.एड.ला शिकलेली सगळी भाषा वापरू शकली असती. विद्यार्थ्यांनी चूक शोधावी म्हणून मुद्दाम केली, वगैरे. एखादी हुशार बाई तसंच म्हणाली असती आणि खपलंही असतं. हंसा खडूने पांढरे झालेले हात पदराला पुसत राहिली.

मग पागधरे सर फळ्यापाशी आले. चष्मा सापडला होता, एक काडी वाकलेली. हंसाला त्यांनी बाजूला उभं राहायला सांगितलं आणि पोरांना बजावलं, आता बाईंना कोणी काही विचारायचं नाही. फळ्यावर त्यांनी नवं समीकरण लिहिलं:

√(५x − ४) = x

पोरं वाकली. हंसा मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभी. तिने मनात सोडवलं आणि तिच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याने काय घातलंय. उत्तरं एक आणि चार. दोन्ही खरी. पण आत्ताच्या तासात पोरांनी बघितलं काय, तर दोनातलं एक टाकायचं असतं. आता ती टाकायला बघणार. एक टाकला तरी चुकले, चार टाकला तरी चुकले. आणि चुकले तर ते तिनेच शिकवलेलं असणार.

एका पोरीने एक या उत्तरावर फुली मारली. ते हंसाला इथून दिसलं आणि तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पोरगी फुली खोडरबराने खोडत होती, कारण शेजारणीने तिला कोपराने ढोसलं होतं. लक्ष्याने वही गुडघ्यावर घेतली होती. त्याने दोन्ही घालून पाहिले. पुन्हा पाहिले. मग तो वैतागून उभा राहिला, एखाद्याने सामानात काहीतरी कमी दिलं असावं तसा.

"सर, ह्यात टाकायला काहीच नाही," तो म्हणाला.

"मग टाकू नको," पागधरे सर म्हणाले, आणि जाऊन खुर्चीत बसले. मान पुन्हा एका बाजूला.

तुषारचाही पाठ झाला. त्याने तो चांगला घेतला, खोटं कशाला बोला. फक्त प्रत्येक उत्तरानंतर पोरं त्याच्या आधीच "पडताळा, सर" म्हणून ओरडत होती, तेव्हा तो जरा गोंधळत होता. नंतर तिघे मोठे लोक मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या संस्थेच्या जीपच्या आडोशाला गेले. बोलणं ऐकू येत नव्हतं. सचिवांचे हात खूप हलत होते, पागधरे सरांचे अजिबात नाही. हंसाने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. तुषार जवळ येऊन म्हणाला, बाई, तुम्ही पोरांना बिघडवून ठेवलंत. त्यात राग नव्हता. दोघं मग शेजारी शेजारी उभे राहून त्या जीपकडे बघत राहिले.

मुख्याध्यापक एकटेच परत आले. तुषारला त्यांनी नाव-पत्ता ठेवून जायला सांगितलं. हंसाला म्हणाले, दहावीच्या परीक्षेपर्यंत या, निकाल बघून पुढचं ठरवू. सचिव साहेबांचं म्हणणं आहे की आधी वहीत कच्चं करून मग फळ्यावर लिहीत जा. आणि उद्यापासूनच या, पोरांकडे वेळ नाही.

तलासरीच्या स्टँडवरून तिने घरी फोन लावला. गणूने उचलला, पण सासूने तो त्याच्या हातातून घेतला. हंसाने सगळं सांगितलं. धक्का आला तो, मायनस दोन, शुक्री, लक्ष्या, जीपमागचं बोलणं.

"म्हणजे चुकलीस," सासू म्हणाली.

"चुकले."

"सगळ्यांच्या पुढ्यात."

"हो, आई."

"आणि तरी घेतलं?"

"घेतलं."

"मग त्यांनाही दुसरं कोणी मिळत नसेल," असं म्हणून सासूने फोन ठेवला. संध्याकाळी हंसा घरी पोचायच्या आत ती अख्ख्या आळीला सांगून आली होती की सून उद्यापासून तलासरीला मास्तरीण, आणि ओटी बंद झाली की आत वारा येणार नाही, तेव्हा ओटीच्या भिंतीला एक खिडकी जरा मोठी ठेवा, तिला रात्री वह्या तपासायला हवा लागेल.